घोडेस्वारी स्पर्धेचं टायमिंग: क्लबांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाऊस ओसरून मैदानं वाळायला लागली की फोन सुरू होतात. "टायमर घ्यायचाय, कुठला घेऊ?" पुण्याच्या आसपासच्या क्लबांच्या स्पर्धांना मी टायमिंगच्या टेबलावर बसतो. घोड्यावर बसणं केव्हाच सुटलं, टेबल काही सुटत नाही. दरवर्षी तेच तेच प्रश्न येतात म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत. भर शो जंपिंगवर, म्हणजे मैदानात मांडलेल्या अडथळ्यांवरून उड्या मारायच्या स्पर्धेवर आहे, कारण क्लबांना घड्याळाची खरी गरज तिथेच पडते.

आमच्याकडे स्टॉपवॉच आहे. त्याने काय बिघडतं?

सरावाला काहीच बिघडत नाही. बिघडतं ते जंप-ऑफला, म्हणजे बरोबरीत आलेल्यांच्या घड्याळावरच्या निर्णायक फेरीला.

मिनिटाला ४०० मीटरच्या वेगाने घोडा सेकंदाला पावणेसात मीटरच्या आसपास जातो. म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागात साडेसहा सेंटिमीटर. माणसाचा अंगठा मात्र डोळ्याच्या मागून चालतो. दिसल्यापासून बटण दाबेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा सहज जातो आणि तेवढ्यात घोडा सव्वा मीटर पुढे गेलेला असतो. कुणी म्हणेल, सुरुवातीलाही उशीर आणि शेवटीही उशीर, म्हणजे फिट्टंफाट. तसं होत नाही. सुरुवातीला आपण बेसावध असतो, दचकून दाबतो. शेवटी सगळं मैदान ओरडत असतं, घोडा रेषेकडे येताना आधीपासून दिसत असतो आणि अंगठा रेषेच्या आधीच खाली जातो. आपल्या क्लबचं पोर असलं की आणखी आधी. हे मी दुसऱ्या कुणाबद्दल सांगत नाहीये.

एकदा तिघांच्या हातात तीन घड्याळं होती. एकाच राउंडची वेळ आली ३४.८१, ३५.०२ आणि ३४.६६. पहिल्या दोन स्वारांमधला फरक होता ०.१२. त्या दिवशी करंडक कुणाला मिळाला ते सांगता येईल, पण तो कुणाचा होता ते आजही सांगता येणार नाही.

संचात काय काय लागतं?

रेषेच्या दोन्ही बाजूंना उभे राहणारे फोटोसेल (त्यांच्यामधला किरण घोड्याने तोडला की वेळ धरली जाते; किरण पकडतो तो रिसीव्हर), टेबलावरचं घड्याळ आणि प्रेक्षकांसाठी बोर्ड. शो जंपिंगला सुरुवातीची आणि शेवटाची रेषा वेगळी, म्हणून फोटोसेलच्या दोन जोड्या. बॅरल रेस (पिंपांना वळसे घालायची शर्यत) किंवा पोरांच्या जिमखान्याला, म्हणजे घोड्यावरच्या खेळांना, जायची-यायची रेषा एकच असते, तिथे एक जोडी पुरते.

बोर्ड नंतर घेतला तरी चालतो. छोटा प्रिंटर मात्र आधी घ्या. हरकत घेऊन पालक टेबलाशी येतात तेव्हा कागदाची पट्टी समोर ठेवली की अर्धं भांडण तिथेच मिटतं. स्क्रीनवरचा आकडा दाखवून ते मिटत नाही. का, ते मला कळलेलं नाही.

फोटोसेल नेमका किती उंचीवर लावायचा?

घोड्याच्या छातीच्या उंचीवर. आमच्याकडच्या थरोब्रेड घोड्यांना सव्वा मीटरच्या आसपास बरं पडतं, पोनींच्या क्लासला (गटाच्या स्पर्धेला) खाली घ्यावा लागतो. फार खाली लावला तर पुढचे पाय किरण तोडतात, आणि कुठल्या घोड्याचा पाय कधी पुढे येईल याचा नेम नाही. फार वर गेला तर मानेचा खेळ होतो. मान ताणून येणारा घोडा पाव मीटर लवकर 'पोचतो' आणि मान बांधून आलेला बिचारा मागे राहतो. चांगल्या संचात एकावर एक असे दोन किरण असतात आणि दोन्ही एकदम तुटले तरच वेळ धरली जाते. मग मान चालत नाही, छातीच लागते. आणि मैदानावरचा गायबगळाही चालत नाही. तुम्ही हसाल, पण पाणी मारलेल्या मैदानावर बगळे उतरतातच. एकाने जंप-ऑफच्या मध्यावर आमची शेवटाची रेषा अगदी डौलात ओलांडली होती.

उंची काहीही ठेवा, क्लास संपेपर्यंत तिला हात लावू नका. पहिल्या घोड्याला जी रेषा, तीच शेवटच्याला. स्टँडच्या पायाशी चुन्याची खूण करून ठेवा. कुणी धक्का मारलाच तर परत त्याच जागी उभा करता येतो.

दुसरी गोष्ट उन्हाची. रिसीव्हरचं तोंड पश्चिमेला नको. आपल्या स्पर्धा हिवाळ्यात, जंप-ऑफ व्हायला संध्याकाळचे पाच वाजलेले, आणि सूर्य थेट डोळ्यात. माणसाच्या डोळ्यात नव्हे, रिसीव्हरच्या. कोर्स, म्हणजे अडथळ्यांचा मार्ग, आखणाऱ्या डिझायनरला सकाळीच सांगून ठेवा, नाहीतर शेवटची उडी तो उत्तर-दक्षिण लावेल आणि किरण बरोबर पूर्व-पश्चिम पडेल.

वायरचा घ्यावा की वायरलेस?

मैदान कायमचं तुमचं असेल तर वायर. पाइपमधून जमिनीत घाला आणि विसरून जा. पण पाइपमधूनच. उघडी वायर घुशी खातात, आणि घुशींनी सोडलेली ट्रॅक्टरचा हॅरो तोडतो.

मैदान भाड्याचं असेल, दर वेळी उभारायचं आणि काढायचं असेल, तर वायरलेस. विकत घेताना विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: वेळ कुठे मोजली जाते? साध्या संचात किरण तुटला की फोटोसेल नुसता निरोप पाठवतो, आणि निरोप पोचेल त्या क्षणाला टेबलावरचं घड्याळ थांबतं. निरोप वाटेत रेंगाळला की स्वाराच्या माथी वेळ चढते. प्रत्येक निरोप सारखाच रेंगाळला असता तर हरकत नव्हती, पण गर्दीच्या लहरींवर तसं होत नाही. चांगल्या संचात क्षणाचा शिक्का फोटोसेलमध्येच बसतो आणि निरोपाबरोबर तो शिक्का येतो. उशिरा आला तरी आकडा बरोबर असतो.

मग दोन्ही फोटोसेलमधली घड्याळं एकमेकांशी जुळलेली हवीत. साधा क्वार्ट्झ स्फटिक दहा लाखांत वीस भाग चुकू शकतो. ऐंशी सेकंदांच्या राउंडला ही चूक नगण्य आहे. पण सकाळी एकदा जुळवून दिवसभर तशीच सोडलेली दोन यंत्रं आठ तासांत अर्ध्या सेकंदाहून जास्त फाकू शकतात. संच स्वतःहून मधूनमधून जुळवून घेत असेल तर उत्तम. नसेल तर प्रत्येक क्लासआधी तुम्ही जुळवा.

परदेशातून मागवला तर स्वस्त पडतो म्हणतात. खरं का?

कधीकधी. पण ऑर्डर देण्याआधी त्याची फ्रिक्वेन्सी बघा. फसण्याची सगळ्यात मोठी जागा हीच आहे.

अमेरिकेत बॅरल रेसिंगसाठी बनलेले बरेच वायरलेस टायमर ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. तिथे तो पट्टा मोकळा आहे. आपल्याकडे त्याचा खालचा भाग मोबाइल सेवेसाठी दिलेला आहे, त्यामुळे असं यंत्र इथे वापरणं कायद्यात बसत नाही आणि टॉवरच्या गोंगाटात धड चालतही नाही. भारतात परवान्याशिवाय वापरता येतो तो ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा. युरोपातली यंत्रं बहुधा ८६८च्या थोडी वर असतात. ती आपल्या हद्दीच्या अगदी कुंपणावर येतात, म्हणून कंपनीकडून भारतासाठीचं सेटिंग लेखी मागून घ्या. २.४ गिगाहर्ट्झ सगळीकडेच मोकळं आहे, पण तिथे प्रेक्षकांचे फोनही असतात. शिवाय माणसांची गर्दी मध्ये उभी राहिली की सिग्नल दबतो. अँटेना डोक्यांच्या वर, बांबूवर चढवा.

रेडिओ असलेली वस्तू आयात करायची तर दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची इक्विपमेंट टाइप अप्रूव्हल लागते. ती नसेल तर खोका कस्टम्समध्ये पडून राहतो आणि स्पर्धा स्टॉपवॉचवर होते. एका क्लबाचं हे झालेलं आहे. क्लब कुठला ते विचारू नका.

कुठल्या कंपनीचा?

ऑस्ट्रियातली आल्गे, इटलीतली मायक्रोगेट, टेक्सासची फार्मटेक ही नावं वारंवार कानावर येतील. टीव्हीवर मोठ्या स्पर्धांना दिसतं ते लाँजीन. त्यांचं घोड्यांशी नातं जुनं: १८७८च्या त्यांच्या क्रोनोग्राफवर घोडा आणि जॉकी कोरलेले होते. तो संच मात्र विकत घ्यायचा नसतो, तो आपल्या माणसांसकट येतो.

एफईआयच्या (घोडेस्वारीच्या जागतिक महासंघाच्या) आंतरराष्ट्रीय स्पर्धेला मान्यताप्राप्त उपकरणच चालतं. क्लबच्या स्पर्धेला तसं बंधन नाही. जिथे बिघडलं तर दुरुस्त करून मिळेल, ती कंपनी घ्या.

मशीन बरोबर, तरी निकालावरून वाद झाला. असं कसं?

मशीन फक्त घेतलेली वेळ सांगतं. दंडाशिवाय राउंड पुरा करायला दिलेली वेळ माणसाने ठरवलेली असते, आणि वाद बहुतेक वेळा तिथे असतो.

दिलेली वेळ म्हणजे कोर्सची लांबी भागिले वेग. समजा कोर्स ४८० मीटर, वेग मिनिटाला ३५० मीटर. उत्तर येतं ८२.२९ सेकंद, म्हणजे ८३. कमाल मर्यादा त्याच्या दुप्पट, १६६. आता कोर्स मापणारा माणूस चाक घेऊन वळणं कापत गेला आणि पंधरा मीटर कमी भरले, तर दिलेली वेळ होते ८०. तीन सेकंद गेले! मशीन सेकंदाचा शंभरावा भाग मोजतंय आणि चाकवाल्याने तीन सेकंद खिशात घातलेत. चार-पाच चांगले घोडे एकापाठोपाठ वेळेचे दंड घेऊन यायला लागले की घड्याळाकडे बघू नका, चाकाकडे बघा. घोडा ज्या रेषेने जाईल त्या रेषेने चाक फिरलं पाहिजे. वळणांवर मी अजून सईसाला सोबत नेतो. ज्याने घोडे फिरवलेत त्याला घोडा कुठून वळेल ते नकाशा बघणाऱ्यापेक्षा बरं कळतं.

वेळेच्या दंडाचं सूत्र नियमावलीत अधूनमधून बदलतं, म्हणून ते सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला बदलता आलं पाहिजे. जुनं सूत्र पक्कं बसवलेलं यंत्र स्वस्तात मिळत असेल तर ते त्यामुळेच मिळत असेल.

घंटा झाल्यावर ४५ सेकंद मिळतात ना? ते कोण मोजतं?

घड्याळच मोजतं, पण बटण माणूस दाबतो. घंटा झाली की काउंटडाऊन सुरू. ४५ सेकंदांत स्वाराने सुरुवातीची रेषा ओलांडली नाही तर राउंडची वेळ आपोआप धावायला लागते. घंटेचं बटण आणि काउंटडाऊनचं बटण एकच करून घ्या. दोन माणसांकडे दोन बटणं दिली की जज घंटा वाजवतात आणि टेबलवाला चहा पीत असतो.

घंटेआधी सुरुवातीचा फोटोसेल बंद ठेवायचा, कारण स्वार घोड्याला अडथळे दाखवत तिथूनच फिरत असतात. शेवटाचाही शेवटच्या अडथळ्यापर्यंत बंद ठेवायचा. कोर्स वळणाचा असला की घोडा मध्येच ती रेषा ओलांडतो आणि बोर्डावर निम्म्या राउंडलाच वेळ गोठते. टेबलावरच्या माणसाला कोर्स पाठ हवा. मी तो हाताच्या तळव्यावर पेनने काढतो. वय झालं.

घोडा अडला आणि अडथळा पडला, तर घड्याळाचं काय?

जज घंटा देतात, घड्याळ थांबतं, पोरं धावत जाऊन पोल परत कपांत ठेवतात. पुन्हा घंटा होते. पण घड्याळ सुरू होतं ते घंटेला नव्हे, तर त्याच अडथळ्यावर घोड्याचे पाय जमीन सोडतात तेव्हा. वर सहा सेकंद जोडले जातात. हे सगळं हाताने करायचं काम आहे, फोटोसेलला त्यातलं काही कळत नाही. म्हणून कितीही भारी यंत्र घेतलंत तरी थांबवा, सुरू करा आणि सहा जोडा ही तीन बटणं सवयीच्या माणसाच्या बोटाखाली हवीत. नुसता पोल पडला आणि घोडा पार झाला तर घड्याळ थांबत नाही, चार फॉल्ट (दंडाचे गुण) लागतात, बस. नवीन माणूस हमखास इथेच गोंधळतो.

यंत्र मध्येच बंद पडलं तर? मोबाइलचं व्हिडिओ शूटिंग आहे.

व्हिडिओवरून वेळ ठरवायची नाही, एफईआयचा नियम त्याबाबत स्पष्ट आहे. ज्या स्वाराच्या वेळी यंत्र बंद पडलं, त्याची वेळ राखीव स्टॉपवॉचवरून धरायची. म्हणजे स्टॉपवॉच प्रत्येक राउंडला चालू हवं, यंत्र बिघडेल त्याच राउंडला नव्हे. कंटाळवाणं काम आहे. ज्या मुलीला आम्ही ते देतो, तिला जेवण सगळ्यांच्या आधी.

क्रॉस कंट्री, एन्ड्युरन्स, ड्रेसाज यांना हाच संच चालेल?

ड्रेसाजला, म्हणजे घोड्याच्या चालींच्या परीक्षेला, साधं घड्याळ पुरतं.

क्रॉस कंट्रीला, म्हणजे मोकळ्या रानातल्या अडथळ्यांच्या दौडीला, वेळ पूर्ण सेकंदांतच धरतात, पण ती स्वस्त समजू नका. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त लागलेल्या प्रत्येक सेकंदाला ०.४ दंड. टोकियो ऑलिम्पिकमध्ये आपल्या फवाद मिर्झाला ७ मिनिटं ४५ सेकंद होती, लागली ८:१३. अठ्ठावीस सेकंद गुणिले ०.४, ११.२० दंड. ड्रेसाजनंतरचे २८.०० दंडगुण एकदम ३९.२० झाले. एकही उडी चुकली नव्हती. इथे अडचण अंतराची असते: सुरुवात आणि शेवट एकमेकांना दिसत नाहीत, त्यामुळे दोन्हीकडची घड्याळं जुळलेली असणं फोटोसेलपेक्षा महत्त्वाचं.

एन्ड्युरन्सला, म्हणजे लांब पल्ल्याच्या शर्यतीला, तर दिवसभर घोडे येत-जात राहतात, तिथे चिप बरी. पण तिथे आल्याची वेळ आणि पशुवैद्यांपुढे उभं केल्याची वेळ अशा दोन नोंदी लागतात. एफईआयच्या नियमात वाटेतल्या थांब्यावर पंधरा मिनिटांत घोड्याचे ठोके ६४वर यायला हवेत, त्यामुळे दुसऱ्या नोंदीत मिनिटाची चूकसुद्धा घोडा बाद करू शकते. जीपीएसचं घड्याळ मनगटावर असेल तर सरावाला वापरा. त्याची जागा काही मीटर इकडेतिकडे होते, रेषेवर ते चालत नाही.

महालक्ष्मीला रेसकोर्सवर फोटो फिनिश कॅमेरा असतो, तसा घ्यावा का?

नको. तो कोण आधी पोचलं ते बघायला असतो, सात-आठ घोडे एकदम आल्यावर. आपल्याकडे एका वेळी एकच घोडा येतो.

आमच्यातला एक इंजिनिअर मुलगा घरीच बनवून देतो म्हणतोय.

बनवू द्या. दोन-तीन हजारांच्या सुट्या भागांत सरावाचं चांगलं यंत्र होतं, आणि मुलाला क्लबची गोडी लागते. फक्त शिक्का कुठे बसतो हा वरचा प्रश्न त्याला विचारा, आणि घरच्या वाय-फायवर चाललं म्हणून मैदानावर चालेल असं समजू नका. स्पर्धेला वापरण्याआधी एक सबंध दिवस स्टॉपवॉचच्या जोडीने चालवून बघा. यंत्र उत्तम आणि डबा पावसाचा विचार न करता केलेला, असं दोनदा पाहिलंय.

घोडे बुजत नाहीत का?

फोटोसेलला क्वचित, बोर्डाला हमखास. लाल आकडे अचानक पेटले की कोवळा घोडा बाजूला उडी मारतो. बोर्ड सकाळपासून चालू ठेवा, बझर बंद करा. स्टँडच्या पुढे कुंड्या ठेवा: घोड्याला ओळखीचं वाटतं आणि स्वाराला गुडघा घासत जायचा मोह होत नाही. स्टँड जमिनीत ठोकू नका. घोडा आपटला तर स्टँड पडला पाहिजे, घोडा नव्हे.

गावच्या बैलगाडा शर्यतीला भाड्याने मागतायत. द्यावा का?

२०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींचा कायदा ग्राह्य धरला, तेव्हापासून ही मागणी वाढली आहे. आंबेगाव-जुन्नरकडच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, एकेक बारी सुटते आणि सेकंदांवर नंबर लागतो, त्यामुळे तत्त्वतः यंत्र तेच. अडचण एकच आणि मोठी: बैलांच्या पुढे घोडी पळते. किरण आधी तीच तोडते! टेबलावरच्या माणसाने घोडी गेल्यावर क्षणात फोटोसेल चालू करायचा, तर पुन्हा अंगठ्यावरच आलो. घोडी बाहेरून काढायची सोय असेल तर द्या. नाहीतर भाडं घेऊन भांडण अंगावर कशाला घ्यायचं? आणि दिलात तर सोबत आपला माणूस पाठवा, शिवाय स्टँडभोवती दोरी. भंडाऱ्याने भिंग माखतं, पुसायला मऊ कापड लागतं.

पावसाळ्यात कसा ठेवायचा?

बॅटऱ्या काढून. हे एक केलंत तरी यंत्राचं आयुष्य वाढतं. गळलेल्या सेलने हिरवे झालेले खटके मी दर ऑक्टोबरला लिंबू आणि जुन्या टूथब्रशने घासतो. रिचार्जेबल असतील तर निम्म्या चार्जवर ठेवा आणि गौरी-गणपतीला एकदा काढून बघा. डब्यात सिलिका जेलची पुडकी, भिंगांवर टोप्या. दाण्याच्या कोठीजवळ ठेवू नका, वायरी कुरतडलेल्या मिळतात. आमचा संच खोगिरांच्या खोलीत, वरच्या फळीवर असतो. त्या खोलीत बुरशी येऊ नये म्हणून बल्ब लावलेलाच असतो.